प्रस्तावना: विहीर आधी, मशीन नंतर

या शहराचं पहिलं नाव खडकी. मलिक अंबरने १६१० मध्ये निजामशाहीची राजधानी इथे आणली. त्याच्या पश्चात गावाचं फत्तेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. विहीर खणायला उतरलेल्या माणसाला मात्र अजून पहिलंच नाव पटतं. काळी माती संपते, मुरूम संपतो, पहार खणकन वाजते आणि खालून काळा पाषाण सुरू होतो. त्याच्या आत पाणी आहे का, असलं तर कुठल्या थराला, आणि हे खणण्याआधी कळण्याची काही सोय आहे का, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

सोय आहे. तिला भूभौतिक सर्वेक्षण म्हणतात. जमिनीत वीज सोडायची, धक्क्याच्या लहरी ऐकायच्या, रेडिओ लहरी पाठवायच्या, गुरुत्वाकर्षणातला केसभर फरक मोजायचा आणि त्यावरून खालच्या खडकाचा अंदाज बांधायचा. आपल्याकडे यातली विजेची पद्धत सगळ्यात जास्त चालते. शेतकरी तिला नुसतं ‘मशीन’ म्हणतो. ‘मशीन लावून पॉइंट काढला’ हे वाक्य मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल. पण मशीन नेमकं काय मोजतं, हे ज्याच्या शेतात ते लागतं त्याला सहसा कोणी सांगत नाही. पैसे तो देतो, बोअर कोरडी गेली तर कर्ज तो फेडतो, आणि पॉइंट का काढला हे त्याला ठाऊक नसतं. ही पुस्तिका आधी त्याच्यासाठी आहे. मग भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी, पाणलोटाचं काम करणाऱ्यांसाठी.

मे महिन्यातली एक सकाळ सांगतो. फुलंब्री तालुक्यातलं शेत, मोसंबीची बाग, पानं कडेने वळायला लागलेली. घरच्यांनी आधी तीन बोअर घेतल्या होत्या. पहिलीला दीड इंच पाणी लागलं, ते दोन वर्षं टिकलं. दुसरी आणि तिसरी नुसती धूळ. आम्ही सात वाजता पोचलो, कारण नऊनंतर सळई हातात धरवत नाही. बांधालगत सरळ दोनशे मीटर जागा मिळाली. मध्यावर मीटर ठेवलं, दोन बाजूंना लोखंडी सळया ठोकल्या, चाकावर गुंडाळलेली वायर दोघा पोरांनी ओढत नेली. माती इतकी वाळलेली की वीज आत शिरेना, काटा नुसता थरथरे. घरातल्या आजींनी न सांगता कळशीभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं आणि प्रत्येक सळईच्या बुडाशी ओतलं. त्यांनी हे आधीच्या मशीनवाल्याला करताना पाहिलं होतं. काटा स्थिर झाला. दर वेळी सळया आणखी लांब नेत आम्ही अठरा-वीस आकडे घेतले. घरचे काका पूर्ण वेळ माझ्या वहीत डोकावत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “सर, काय दिसायलंय? पाणी हाय ना?”

वहीत पाण्याचा एक थेंब नव्हता, ओहम-मीटर होते. काकांना मी त्या दिवशी जे उत्तर दिलं ते अपुरं होतं. पुढची पानं त्याच उत्तराची पूर्तता आहे.

मशीनमध्ये जादू नाही, गूढही नाही. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमध्ये किती व्होल्टचा फरक पडतो ते पाहायचं. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये चारही सळया समान अंतरावर ठेवायची रीत मांडली. तिच्या थोडं आधी, १९१२ पासून, फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे जमिनीत वीज सोडून खालच्या खडकाचे नकाशे काढण्याच्या खटपटीत होते. आतल्या सळया जवळ आणि बाहेरच्या लांब ठेवायची रीत त्यांच्या नावाने चालते. हिशेब सातवी-आठवीच्या पोराला येईल असा आहे. वेनरच्या रीतीने सळया दहा-दहा मीटरवर आहेत आणि मीटरने ०.८ ओहम दाखवले, तर दोन गुणिले पाय गुणिले दहा गुणिले ०.८, म्हणजे साधारण ५०. हे झाले ५० ओहम-मीटर, त्या अंतरापुरती जमिनीची रोधकता. सळया जितक्या लांब नेऊ तितकी वीज खोल उतरते, आणि खालचे थर आकड्यात उतरायला लागतात.

हा आकडा काय सांगतो? सुका, अखंड काळा पाषाण विजेला आडवा येतो, आकडा शेकड्यांत जातो, कधी हजारांत. भिजलेला मुरूम, भेगाळलेला किंवा भोकांचा मांजऱ्या खडक पाण्याने भरलेला असेल तर आकडा ढोबळमानाने वीस ते सत्तरच्या घरात येतो. ओली काळी माती त्याहून खाली. इथवर सोपं वाटतं, आणि बहुतेक पॉइंट इथवरच्या ज्ञानावर काढले जातात. आकडा पडला की पाणी.

फसगत इथेच होते, आणि ती मी स्वतः करून बसलो आहे. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गंगापूर तालुक्यात एका ठिकाणी आकड्यांचा वक्र छान खाली आला, अठरापर्यंत. मी खुशीत खूण केली, दगड रचला, कुंकू लागलं. तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. साठ फुटांपर्यंत राखाडी भुकटी उडाली, मग अचानक लाल. गाडीच्या मागे उभी असलेली माणसं, गाडीची काच, कडुलिंबाची पानं, सगळं लाल झालं. तो गेरू होता. लाव्हाचा एक थर ओतला जाऊन दुसरा येईपर्यंत मधल्या काळात वरचा भाग कुजतो, त्याची चिकण लाल माती होते आणि पुढचा लाव्हा तिला दाबून भाजून टाकतो. ती वीज मजेत वाहून नेते, कारण चिकण मातीचा तो गुणच आहे. पाणी मात्र ती सोडत नाही. मीटरला पाणी आणि चिकण माती यांतला फरक कळत नाही. तो मला कळायला हवा होता. तिथून दोन शेतं पलीकडे एक जुनी विहीर होती. नंतर मी तिच्या कठड्यावरून आत पाहिलं, तर भिंतीवर तोच लाल पट्टा हातभर रुंद, ठळक, दुरूनही दिसेल असा होता. मशीन लावण्याआधी मी तिथे फक्त डोकावलो असतो तरी त्या माणसाचे पैसे वाचले असते.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: विहीर आधी, मशीन नंतर. या पुस्तिकेतलं प्रत्येक प्रकरण त्या नियमाभोवती बांधलेलं आहे. मराठवाड्यातली उघडी विहीर म्हणजे खडकाचा उभा छेद आहे. वर काळी, मग पांढुरका चुनखडीचा खर, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या, कुठे काळा. झरे कुठल्या फुटाला आहेत हे भिंतीवरचं शेवाळ सांगतं. कुठल्या बाजूने पाणी येतं हे विहीर उपसल्यावर तासाभरात दिसतं. उन्हाळ्यात तळ किती राहतो हे त्या घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. हे सगळं वहीत उतरवल्यावर जे आकडे येतात, ते बोलायला लागतात. ते नसेल तर आकड्याला अर्थ चिकटवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

इथे खडकाबद्दल दोन शब्द. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग दख्खनच्या लाव्हाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून तो पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर बसले. वेरूळला गेलात तर लेण्यांच्या माथ्यावरच्या कड्याकडे पाहा. खडकाच्या आडव्या रेषा दिसतात, प्रत्येक रेष म्हणजे एका थराचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात. पावसाळ्यात ओल या रेषांवरून आणि उभ्या भेगांतून पाझरते. दगड स्वतः पाणी पीत नाही. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या भागात, थरांच्या सांध्यात, भेगांत आणि थराच्या माथ्याकडच्या मांजऱ्या खडकात. मांजऱ्या म्हणजे लाव्हातली वाफ अडकून पडलेल्या भोकांचा खडक. पण त्यातही मेख आहे. आपल्या भागात ही भोकं बहुतेक ठिकाणी गारगोट्यांनी, पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेली आहेत. जगभरातल्या संग्रहालयांत दिसणारे जळगाव-अजिंठा पट्ट्यातले सुंदर स्फटिक याच भोकांत वाढले. ते दिसायला देखणे, पण त्यांनी पाण्याची जागा अडवलेली असते. असा खडक कुजला, भेगाळला, तरच पाणी देतो.

आता चुनखडकाकडे वळतो. या पुस्तिकेतला मोठा भाग चुनखडकाच्या प्रदेशातल्या शोधाबद्दल आहे, आणि काही मित्रांनी विचारलं की संभाजीनगरच्या माणसाला त्याचं काय? दोन कारणं आहेत. एक म्हणजे चुनखडक महाराष्ट्रातच आहे. यवतमाळच्या वणी-झरी बाजूला आणि चंद्रपूरच्या कोरपना-राजुरा पट्ट्यात लाव्हाच्या कडेला त्याहून कितीतरी जुना पैनगंगेचा चुनखडक उघडा पडतो. गडचांदूर, आवाळपूर, मुकुटबन इथले सिमेंट कारखाने त्याच दगडावर उभे आहेत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: भूगर्भातल्या पाण्याचा माग काढायचं शास्त्र जगात बरंचसं चुनखडकावर घडलं, आणि ते तिथे समजून घेतलं की आपल्या काळ्या पाषाणाची अडचण स्वच्छ दिसते.

चुनखडक पाण्यात विरघळतो. पावसाचं पाणी मातीतून जाताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं, आणि भेगेतून उतरताना भेगेच्या भिंती खात जातं. वर्षानुवर्षं, युगानुयुगं. केसाएवढ्या फटीची नळी होते, नळीचं भुयार होतं. बस्तरमधली कुटुमसर गुहा किंवा आंध्रातली तीन किलोमीटरहून लांब बेलम गुहा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या लाव्हात पाण्याला आधीच पडलेल्या वाटेने जावं लागतं. चुनखडकात पाणी आपली वाट आपण करतं, आणि एकदा वाट सापडली की सगळं पाणी तिकडेच धावतं. म्हणून चुनखडकाच्या मुलखात नदी अचानक जमिनीत गडप होते आणि मैलोन् मैल दूर कुठल्या तरी कड्याखालून पुन्हा उगवते.

तिचा माग कसा काढायचा? याचं एक उदाहरण मला फार आवडतं. जर्मनीत डॅन्यूब नदी इमेंडिंगेन गावाजवळ पात्रातच जिरते, उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. तिथून बाराएक किलोमीटरवर आख नावाचा प्रचंड झरा आहे. दोन्ही पाणी एकच की वेगळं, यावर खालच्या बाजूच्या गिरणीवाल्यांचे आणि कारखानदारांचे वाद होते. १८७७ च्या ऑक्टोबरात अडॉल्फ क्नॉप या प्राध्यापकांनी नदी गडप होते तिथे दहा किलो हिरवा चमकता रंग ओतला. साधारण साठ तासांनी आखचं पाणी हिरवं झालं. म्हणजे तासाला दोनशे मीटर. वर नकाशावर डॅन्यूब काळ्या समुद्राकडे जाते आणि आखचं पाणी ऱ्हाईनमार्गे उत्तर समुद्राकडे. जमिनीवरचा पाणलोट आणि जमिनीखालचा पाणलोट एक नसतो, हे इतक्या ठसठशीतपणे दुसऱ्या कुठल्या प्रयोगाने सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आपल्या पाणलोटाच्या आराखड्यांत टेकडीच्या माथ्यावरून एक रेघ मारून आपण मोकळे होतो, तेव्हा मला हा हिरवा झरा आठवतो.

पण रंग टाकायला पाणी कुठून आत जातं आणि कुठून बाहेर येतं हे ठाऊक असावं लागतं. मधली वाट रंग सांगत नाही. तिथे भूभौतिक पद्धती उपयोगी पडतात. पोकळी असेल तर तिच्या वर गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरतं, ते मोजणारी नाजूक उपकरणं आहेत. जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार उघड्या चुनखडकावर छान चालतं, भुयाराचं छत दाखवतं. आपल्या काळ्या मातीवर ते जवळजवळ निकामी आहे, कारण ओली चिकण काळी माती लहरी पहिल्या हात-दोन हातांतच गिळून टाकते. इथल्या शेतात रडार घेऊन येणाऱ्या कंपनीला हा एक प्रश्न जरूर विचारा.

चुनखडकातली विजेची पद्धत आपल्यापेक्षा थोडी वेगळी वाचावी लागते. पाण्याने भरलेलं भुयार वीज सोडतं, चिकण मातीने भरलेलं त्याहून जास्त सोडतं, आणि कोरडं भुयार वीज साफ अडवतं. एकाच भुयाराची तीन उत्तरं. आपल्या गेरूची अडचण तिथेही आहेच, वेगळ्या कपड्यांत. शिवाय भुयार ही एक नळी आहे. सळयांची एक ओळ तिच्यापासून वीस मीटर बाजूने गेली तर ती दिसतही नाही. म्हणून तिथे आता एका ओळीत पन्नासेक सळया ठोकून यंत्र आपोआप त्यांच्यात वेगवेगळ्या जोड्या लावतं आणि खडकाचा उभा रंगीत छेद काढून देतं. ही पद्धत आपल्याकडेही आली आहे. रंगीत चित्र पाहून लोक हरखतात, निळा रंग दिसला की त्याला पाणी समजतात. निळा रंग म्हणजे कमी आकडा, एवढाच त्याचा अर्थ. गेरूही निळाच दिसतो.

एका पद्धतीबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण ती पाण्याच्या हालचालीलाच कान लावते. खडकाच्या फटीतून पाणी वाहताना त्याबरोबर थोडा विद्युतभार ओढला जातो आणि जमिनीवर काही मिलिव्होल्टचा फरक उमटतो. त्याला वीज सोडावी लागत नाही. मोरचूद भरलेली दोन सच्छिद्र मातीची भांडी, एक लांब वायर आणि चांगलं व्होल्टमीटर एवढं पुरतं. चुनखडकात गडप झालेल्या ओढ्याची दिशा शोधायला आणि मातीच्या धरणातली गळती पकडायला ती वापरतात. आपल्याकडे पाझर तलावांच्या भिंतींवर ती सर्रास वापरली जायला हवी असं माझं ठाम मत आहे. खर्च जवळजवळ नाही. हौसेने करणारा एखादा शाळामास्तरही ती शिकू शकेल.

थेट पाणीच ओळखणारी पद्धतही आहे. पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात हलकासा धक्का देऊन त्यांचा प्रतिसाद ऐकायचा. दवाखान्यातला एमआरआय ज्या तत्त्वावर चालतो तेच. पण काळा पाषाण स्वतः चुंबकीय असल्यामुळे ती इथे अडखळते. हवेतून तपासायची एक वेगळी पद्धतही आहे: केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी हेलिकॉप्टरखाली मोठं वेटोळं टांगून देशात सहा ठिकाणी खडक तपासले. त्यांतलं एक ठिकाण नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागेचं पाणलोट होतं, म्हणजे आपलाच लाव्हा. तिथल्या कामाचा विचार शेवटच्या प्रकरणात केला आहे.

मशीन नव्हतं तेव्हा काय करत होते? वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा पूर्ण अध्याय पाणी शोधण्यावर लिहिला. कुठल्या झाडाच्या कुठल्या बाजूला वारूळ असलं तर किती खोल पाणी, मध्ये कुठल्या रंगाची माती, कसा दगड, असं सगळं. खोली त्याने ‘पुरुष’ या मापात दिली आहे, हात वर करून उभ्या माणसाएवढं. आपले जुने विहिरी खोदणारे खोली परसांत सांगतात, ‘चार परस गेलो तवा झरा लागला’. तो परस म्हणजे तोच पुरुष. त्या अध्यायातलं सगळं खरं ठरतं असं नाही. पण झाड, वारूळ, मातीचा रंग, दगडाचा थर ही निरीक्षणं एकत्र ठेवून निर्णय करायची शिस्त त्यात आहे, आणि ती मला आजच्या कित्येक अहवालांत दिसत नाही.

पाणाड्याचा प्रश्न प्रत्येक गावात निघतो. नारळ उभा राहतो, काडी वळते. मी या लोकांचा अपमान करणार नाही, त्यांतल्या पुष्कळांना गावच्या जमिनीची उत्तम जाण असते आणि तीच त्यांच्या हाताशी नकळत काम करते. पण काडी पाणी ओळखते हे काटेकोर चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. शिवाय उथळ मुरमात, ओढ्याच्या काठी, पावसाळ्यानंतर तीस-चाळीस फुटांत बहुतेक ठिकाणी थोडं पाणी लागतंच. काडीची परीक्षा तिथे होत नाही. ती टेकाडावर होते.

आणि ज्यांनी परीक्षा दिली आणि जिंकली, त्यांचं काम या शहरात अजून आहे. मलिक अंबरच्या लोकांनी हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याकडून, खाम नदीच्या खोऱ्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीत गोळा केलं आणि नुसत्या उतारावर शहरात आणलं. पंप नाही, चाक नाही. ठिकठिकाणी हवा सुटायला मनोरे, साफ करायला तोंडं, पुढे हौद. पाणचक्कीचं पाणीही अशाच जमिनीखालच्या वेगळ्या नहरीने डोंगराकडून येतं आणि उंचावरून चाकावर पडतं. त्या लोकांनी दगडाच्या पोटात पाणी शोधायचा हट्ट केला नाही. डोंगर संपतो आणि खोरं सुरू होतं तिथे कुजलेल्या खडकाचा आणि गाळाचा जाड थर असतो, त्यात वर्षभर पाणी रेंगाळतं, हे त्यांनी ओळखलं आणि त्याच थराला हात घातला. आज विजेच्या पद्धतीने त्या पायथ्याला तपासलं तर उत्तर तेच येईल. मी विद्यार्थ्यांना पहिला धडा तिथेच देतो, आणि पुस्तिकेतलं पहिलं शेतावरचं काम तिथलंच आहे.

पद्धतीच्या मर्यादा इथेच सांगतो, कारण पुढे त्या पानापानांत विखुरल्या आहेत. सळया शंभर मीटरवर नेल्या म्हणजे शंभर मीटर खोल दिसलं, असं होत नाही. बाहेरच्या दोन सळयांमधल्या अंतराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच खोली साधारण धरावी, तीही खडकावर अवलंबून. अडीचशे फुटांवरची वीतभर भेग वरून दिसत नाही, कुठल्याही मशीनला नाही. ‘दोनशे ऐंशी फुटाला अडीच इंच पाणी’ असं जो छातीठोक सांगतो त्याच्या हातात मशीन असो की नारळ, माझ्या लेखी दोघे सारखे. बांधाखालून पाईपलाईन गेली असेल, वरून हाय टेन्शनची तार असेल, तारेचं कुंपण असेल, तर आकडे बिघडतात. ओळ सरळ मिळाली नाही तर बिघडतात. पाऊस पडून दोन दिवस झाले असतील तरी बदलतात.

आणि पॉइंट अचूक निघाला तरी पाणी किती? सरकारी भूजल हिशेबात काळ्या पाषाणाची पाणी सोडण्याची क्षमता दोन टक्के धरतात, भुयारं पडलेल्या चुनखडकाची आठ टक्के. म्हणजे आपला भिजलेला खडक शंभर घागरी भरेल एवढा खोदला तर त्यातून पाणी दोन घागरी. हेक्टरभर जमीन, तिच्याखाली दहा मीटर जाडीचा भिजलेला खडक, तर त्यात मिळण्याजोगं पाणी दोन हजार घनमीटर, वीस लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं. हेक्टरभर ऊस पावसाचं धरून सुमारे वीस हजार घनमीटर मागतो. सातशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या जिल्ह्यात हा हिशेब मी शेताच्या बांधावर मांडतो तेव्हा सगळे गप्प होतात. मग कोणीतरी म्हणतं, खोल जाऊ. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने साठ मीटर, म्हणजे दोनशे फुटांपलीकडच्या विहिरीवर बंधन घातलं आहे. तिथलं पाणी पुष्कळदा जुनं साठलेलं असतं आणि दोन पावसाळ्यांत परत भरत नाही, हे त्यामागचं कारण. तरी चारशे-पाचशे फुटांच्या बोअर होतच राहतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत या भागात किती गाड्या रात्रंदिवस धडधडल्या हे ज्यांनी ऐकलं आहे ते विसरणार नाहीत.

१९७१ मध्ये राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली, पुढच्याच वर्षी दुष्काळ आला, १९८० मध्ये इथे पाणी आणि जमिनीचं व्यवस्थापन शिकवणारी वाल्मी ही संस्था उभी राहिली. पन्नासहून जास्त वर्षांत या खडकाबद्दल आपण भरपूर शिकलो. तरी कोरड्या गेलेल्या बोअरींची नोंद बहुतेक गावांत कुठेच नाही. लागलेल्या पाण्याची आठवण राहते, कोरड्या बोअरवर दगड ठेवून लोक पुढे जातात. वास्तविक शिकायला कोरडी बोअर जास्त उपयोगाची असते. किती फुटाला भुकटी राखाडी होती, कुठे लाल झाली, कुठे ओल लागली, कुठे पुन्हा सुकी झाली, एवढं कोणी वहीत लिहिलं तर शेजारच्या शेतातला पॉइंट त्यावर उभा राहतो. म्हणून या पुस्तिकेच्या शेवटी कोरे तक्ते दिले आहेत. पहिल्या रकान्यात गाव आणि गट नंबर, दुसऱ्यात खोली फुटांत, तिसऱ्यात भुकटीचा रंग. बोअरची गाडी चालू असताना दर दहा फुटाला मूठभर भुकटी फडक्यावर काढून ओळीने ठेवा आणि रंग लिहा. गाडीवाले थांबत नाहीत, त्यामुळे एक माणूस फक्त त्याच कामाला ठेवावा लागतो. घरातली शाळेत जाणारी मुलगी हे काम सगळ्यात नीट करते, हा माझा अनुभव आहे.

फुलंब्रीच्या त्या काकांकडे मी नंतर पुन्हा गेलो. त्या खेपेला मशीन नेलं नाही. त्यांच्या जुन्या विहिरीत दोर सोडून तळ मोजला, कठड्यावर बसून दोघांनी भिंतीवरचे थर मोजले. लाल पट्टा सव्वीस फुटांवर होता, त्याच्या वर हातभर ओल. त्यांनी कागदावर विहीर काढली आणि माझ्या पहिल्या वक्राशेजारी धरली. मग म्हणाले, “सर, हे ह्याच्यावर बसतंय की.” पहिल्या प्रकरणातली आकृती त्यांनी काढलेली आहे.